फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक : आग्रही अक्षराची कहाणी

फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक हे रोमन लिपीतील जाड, उजवीकडे झुकलेले आणि सेरिफविरहित मुद्राक्षर आहे. सेरिफ म्हणजे अक्षरांच्या टोकांना दिलेली बारीक रेघ. ती वगळली की अक्षराचा केवळ सांगाडा उरतो. तो जाड केला की शब्द दुरून दिसतो आणि तिरपा केला की त्याला वेग येतो. या तिन्ही गुणांच्या एकत्र येण्यातून या मुद्राक्षराचा आग्रही स्वभाव घडला आहे.

मूळ फ्युचुराची रचना जर्मन कलाकार पॉल रेनर यांची. फ्रँकफुर्टच्या बाउर टाइप फाउंड्रीने १९२७ मध्ये ते बाजारात आणले. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या आकारांवर ते बेतलेले असून, त्यात लेखणीच्या वळणाचा मागमूस जवळजवळ नाही. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणाऱ्या रेनर यांना १९३३ मध्ये अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रण विद्यालयातील पदही गमवावे लागले.

तिरप्या अक्षरांचे दोन प्रकार आहेत. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुस यांनी १५०१ मध्ये ग्रंथछपाईत रूढ केलेले इटालिक हे हस्ताक्षराच्या वळणाचे. त्यात अक्षरांची रूपेच बदलतात. ऑब्लिकमध्ये मात्र उभे अक्षरच कलते केलेले असते. तरीही हे काम यांत्रिक नाही. वर्तुळ नुसते कलते केले, तर त्याची रेषा एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक दिसू लागते. ती नजरेला समतोल वाटावी म्हणून रचनाकाराला हाताने दुरुस्ती करावी लागते.

मथळे, भित्तिपत्रके, वेष्टने आणि बोधचिन्हे हे या मुद्राक्षराचे खरे क्षेत्र. सलग मजकुराला ते मानवत नाही. प्रत्येक शब्द ओरडू लागला, तर कोणताच ऐकू येत नाही. देवनागरी छपाईत इटालिकसारखी स्वतंत्र परंपरा रुजलेली नाही. तेथे जोर देण्याचे काम मुख्यतः जाड ठशाकडेच असते.

या अक्षराला वैचारिक धार दिली ती अमेरिकी कलावंत बार्बरा क्रूगर यांनी. मासिकाच्या पानांची मांडणी करण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या क्रूगर यांनी १९८० च्या दशकात कृष्णधवल छायाचित्रांवर लाल पट्टे आणि त्यांवर पांढरी जाड-तिरपी अक्षरे योजून उपभोगवाद व पुरुषी सत्तेला प्रश्न विचारले. १९८९ मध्ये वॉशिंग्टन येथील महिलांच्या मोर्चासाठी त्यांनी केलेले भित्तिपत्रक विशेष गाजले. जाहिरातीचीच भाषा त्यांनी जाहिरातीवर उलटवली होती.

पुढे ती पुन्हा बाजारात परतली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'सुप्रीम' या वस्त्रनाममुद्रेने लाल चौकटीत पांढरे फ्युचुरा हेवी ऑब्लिक वापरले. त्याच नाममुद्रेने २०१३ मध्ये आपल्या बोधचिन्हाच्या विडंबनावरून एका व्यावसायिकेला न्यायालयात खेचले, तेव्हा क्रूगर यांनी त्यावर बोचरी टीका केली. २०१७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दुकानाच्याच रूपात कलाकृती मांडून या प्रकाराला उत्तर दिले.

निषेधाचा फलक असो वा विक्रीची चौकट, अक्षर त्याच तडफेने बोलते. त्या आवाजात काय सांगायचे, याची जबाबदारी मात्र ते वापरणाऱ्याचीच असते.