केसपेपरवर न मावलेले

पालिकेच्या इस्पितळात रात्री एक बाई येते. केसपेपरवर कारण लिहिले जाते: जिन्यावरून पडली. पडणारा माणूस हात टेकतो, त्याचे तळवे आणि गुडघे सोलवटतात. हिच्या हातांवर मात्र कोपरापासून मनगटापर्यंत, करंगळीच्या बाजूने, काळेनिळे वळ आहेत. तोंडावरचा फटका चुकवायला हात वर गेले की मार तिथे बसतो.

घरगुती हिंसेच्या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाला मी याच केसपेपरपासून आत बोलावते आहे. गुन्हेगारीशास्त्राने फार काळ फक्त गुन्हेगाराकडे पाहिले. १९४८ मध्ये गुन्हेगारीशास्त्रज्ञ हान्स फॉन हेंटिग यांनी पीडिताकडे लक्ष वळवले खरे, पण त्याबरोबर ‘पीडिताचेही काही चुकले असेल’ हा संशयही शास्त्रात शिरला. तो अजून पुरता गेलेला नाही. ‘एवढा मार खाते, मग घर सोडत का नाही?’ हा प्रश्न त्याच संशयातून येतो. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये त्याचे मानसशास्त्रीय उत्तर शोधले: ताण साचतो, मारहाण होते, मग माफी आणि लाड, आणि पुन्हा ताण. प्रत्येक घरात हे चक्र असेच फिरते असे नाही. मला स्वतःला समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांचे म्हणणे जास्त पटते. मारहाण हा या हिंसेचा फक्त दिसणारा भाग, असे ते सांगतात. पगार काढून घेणे, फोन तपासणे, माहेर तोडणे, कपड्यांपासून झोपेपर्यंत सगळ्यावर पहारा ठेवणे, ही रोजची जरब हेच खरे नुकसान. कायदा एकेक घटना मोजतो. बाई मात्र अख्खी वर्षे त्या जरबेत काढते.

शिवाय घर सोडले की धोका टळतो असे नाही, पुष्कळदा तो तेव्हाच वाढतो. परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात जिवाचा धोका जोखणारी प्रश्नावली तयार केली. त्याने कधी गळा दाबला आहे का, असा एक प्रश्न तीत आहे. गळा दाबल्याची खूण अनेकदा कातडीवर उमटतच नाही. आवाज बसतो, गिळताना दुखते, एवढेच. तरी पुढच्या खुनाचा हा फार गंभीर इशारा आहे.

पुरुष, मुले, म्हातारी माणसेही घरात मार खातात. त्यांची प्रकरणे पुढे येतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती. उरलेल्या कुठे भेटतात? त्यांतल्या अनेक जणी जखम घेऊन डॉक्टरकडे तर येतातच. हेच ओळखून २००० मध्येच वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. अशा केंद्रात समुपदेशक सोबतच्या माणसाला बाहेर बसवते, दार लोटते आणि विचारते: आज घरी गेलात तर भीती वाटेल का? मुलांचे दाखले, रेशनकार्ड, थोडे पैसे कुणा शेजारणीकडे ठेवता येतील?