सांगडीची लाज

नागपूर शहराच्या उत्तर भागांत जरीपटका नांवाची वस्ती आहे. जरीपटका म्हणजे मराठी फौजेचें भरजरी निशाण. परंतु त्या नांवाच्या वस्तींत आज पावलोपावलीं सिंधी घरें दिसतात, व त्याचें कारण वाचकांस ठाऊकच आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधु नदीचा तीर कायमचा सोडून जे लोक नागपुरास आले, त्यांतील पुष्कळांनीं येथें बिऱ्हाडें केलीं. त्यांनीं दुकानें थाटलीं, शाळा काढल्या, आणि मागें राहिलेली नदी भिंतीवरच्या एका तसबिरींत जपून ठेवली. ती तसबीर झूलेलालाची. पांढऱ्या दाढीचा हा वरुणावतार कमळावर बसलेला असतो, आणि तें कमळ पाण्यांतील माशाच्या पाठीवर असतें. तो मासा म्हणजे सिंधूंतला पल्ला. बंगाली लोक ज्यास इलिश म्हणतात तोच.

गेल्या चेटीचंडाच्या दिवशीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही गेलों असतां त्या तसबिरीवरून बोलणें निघालें. त्याचे आजोबा लहानपणीं सिंधुतीरीं वाढलेले. कोळी मोठ्या मडक्यावर पालथे पडून पल्ला कसे धरीत, हें त्यांनीं आम्हांस हातवारे करून दाखविलें, आणि मग सहज विचारलें, "प्रोफेसरसाहेब, तुमचे ढीवर नदींत उतरतांना पोटाशीं काय धरतात?" आम्हीं जन्मभर इतिहास शिकविला, परंतु या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें. खरें म्हणजे होतें, पण तें सांगण्याची लाज वाटली. उत्तर असें कीं, कांहीं नाहीं.

त्या मडक्याची हकीकत एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज प्रवाशांनींहि मोठ्या कौतुकानें लिहून ठेवली आहे. भाजलेल्या मातीचें एक मोठें, बसकें, रुंद तोंडाचें मडकें घेऊन मोहाणा जातीचा कोळी त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथा पडे. त्यामुळें मडक्याचें तोंड बंद होई व आंतली हवा त्यास तारून धरी. पायांनीं पाणी मागें सारीत तो नदीच्या मध्यावर जाई. हातांत लांब काठी व तिच्या टोंकास जाळें. पल्ला अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून प्रवाहाच्या उलट वर चढतो. कोळी प्रवाहाबरोबर खालीं वाहत येई, आणि दोघांची गांठ मध्यें पडे. धरलेला मासा पोटाखालच्या मडक्यांतच जमा होई. टोपली, नाव आणि प्राणरक्षक अशीं तीन कामें तें एक मडकें करी. पुढें १९३२ सालीं सक्कर येथें व १९५५ सालीं कोटरी येथें बंधारे झाले, पल्ल्याची वर चढण्याची वाट अडली, आणि ती रीतहि मागें पडत गेली. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, मोहाणा हे पिढ्यान्‌पिढ्या नावेंत जन्मणारे व नावेंत मरणारे लोक. त्यांच्याइतकें पोहणें दुसऱ्या कोणास येणार? तरी मडकें पोटाशीं धरण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

हें केवळ सिंधूपुरतें होतें असेंहि नाहीं. इ. स. पूर्वीं नवव्या शतकांतील असुरांचे कोरीव शिलापट निमरूद येथें सांपडले व आज ते ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांत फुगविलेल्या कातड्यांवर नदी पोहून जाणारे सैनिक स्पष्ट दिसतात. शिकंदरानें इ. स. पूर्वीं ३२६ मध्यें झेलम नदी ओलांडली ती गवत भरून शिवलेल्या कातड्यांच्या साहाय्यानें. आणि आपल्या कौटिल्यानें तर या साधनांची यादीच दिली आहे: भोपळा, कातड्याची पखाल, तराफा, लाकडाचा ओंडका, वेळूची मोळी. विशेष हें कीं, ही यादी त्यानें दोन ठिकाणीं दिली. एकदां सैन्यानें नदी कशी उतरावी हें सांगतांना, आणि एकदां महापुरांत वाहून जाणाऱ्या माणसास कसें वांचवावें हें सांगतांना. या दुसऱ्या ठिकाणीं त्यानें एक दंडहि सांगितला आहे. बुडणाऱ्याच्या मदतीस जो धांवणार नाहीं त्यास १२ पण दंड. मात्र ज्याच्याजवळ तरण्याचें साधन नाहीं त्यास माफी. या अपवादांतील शहाणपण वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. साधनावांचून पाण्यांत उडी घेणें यास कौटिल्य शौर्य समजत नाहीं, आणि तशी उडी कोणी घ्यावी अशी राजाज्ञाहि तो करीत नाहीं.

महाराष्ट्रांत हें साधन इतकें रूढ होतें कीं, तें नदीवरून उठून आमच्या भाषेंत येऊन बसलें. वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून पाण्यावर तरण्याचें जें साधन करीत तें सांगड. संस्कृतांतील संघाट शब्दावरून हा शब्द आला. आज आम्ही तत्त्वज्ञानाची विज्ञानाशीं सांगड घालतों, जमेची खर्चाशीं घालतों. परंतु ज्या पाण्यासाठीं ती मुळांत घातली जात असे, त्या पाण्यावर मात्र ती दिसेनाशी झाली. ज्ञानेश्वरांच्या काळीं तसें नव्हतें. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायानदीचें जें विस्तृत रूपक आहे, त्यांत वेदत्रयीची सांगड घेऊनहि अहंभावाचे धोंडे बरोबर घेणारे लोक येतात, व ते अर्थातच बुडतात. रूपक अध्यात्माचें असलें तरी त्याचा ऐहिक अर्थहि खोटा नाहीं. नदीवर माणसें बुडतात तीं पुष्कळदां पोहतां येत नाहीं म्हणून नव्हे, तर पोहतां येतें या अभिमानामुळें.

या अभिमानाचा झाडा घेणारी एक घटना इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडली. १८५४ सालीं तेथील जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनीं बुचाच्या लाकडाच्या पट्ट्या शिवलेलें एक जाकीट तयार केलें. ९ फेब्रुवारी १८६१ रोजीं व्हिटबी गांवीं भयंकर वादळ झालें. तेथील जीवरक्षक नौका दिवसभर फुटत्या जहाजांवरील लोकांस वांचवीत होती. शेवटीं एका लाटेनें तीच उलटली. तींत १३ जण होते. त्यांतील १२ बुडाले. जो एकटा वांचला, त्या हेन्‍री फ्रीमनच्या अंगांत तें नवें बुचाचें जाकीट होतें. यापुढें वादास जागा उरली नाहीं. बुचाच्या जागीं पुढें पांढऱ्या सावरीचा कापूस आला, १९२८ सालीं हवेनें फुगणाऱ्या जाकिटाची युक्ति निघाली, आणि आज हलका कृत्रिम फेस भरलेलें जें जाकीट आपण पाहतों व ज्यास सर्वत्र लाइफ जॅकेट म्हणतात, तें त्याच घराण्याचें.

मग भोपळा, मडकें आणि जाकीट यांत भेद काय? तरण्याचें तत्त्व एकच. गोड्या पाण्यांत बुडालेल्या मनुष्यदेहाचें वजन फार थोडें उरतें, आणि त्यास वर धरण्यास मोजक्या शेरांचा आधार पुरतो. भेद आहे तो हातांचा. मडकें माणसास धरीत नाहीं. माणसानें मडक्यास धरावें लागतें. पेटका आला, डोकें खडकावर आपटलें, थंडीनें बोटें बधिर झालीं, कीं पकड सुटते आणि आधारहि सुटतो. जाकीट अंगास बांधलेलें असतें; तें शुद्ध हरपलेल्यासहि सोडीत नाहीं. आंतरराष्ट्रीय मानकांत ५० न्यूटन बळाचें जाकीट पोहतां येणाऱ्यासाठीं व कांठाजवळच्या पाण्यासाठीं मानलें आहे. १०० न्यूटन व त्यावरचीं जाकिटें मनुष्याचें तोंड पाण्याबाहेर राखण्यासाठीं घडविलेलीं असतात. सांगडीच्या तीन हजार वर्षांच्या इतिहासांत एवढीच खरी भर पडली, पण ती थोडी नव्हे.

आतां आपल्या नद्यांकडे वळूं. नागपूरकर ज्या कन्हान नदीचें पाणी पितात, तिच्यांत फेकजाळें घेऊन कमरेइतक्या पाण्यांत उभा राहणारा ढीवर, आणि रविवारीं गळ घेऊन जाणारा आमच्यासारखा हौशी मनुष्य, या दोघांसहि एक गोष्ट माहीत असावयास हवी. ज्या नदीची आपल्या बापजाद्यांस ओळख होती ती नदी आतां राहिली नाहीं. वाळूचा बेसुमार उपसा झाल्यानें जेथें काल गुडघाभर पाणी होतें तेथें आज पुरुषभर खड्डा असतो. आंभोऱ्याच्या संगमावर गोसीखुर्द धरणाचें पाणी चढलें आहे, आणि तेथले जुने उतार व धोंडे त्या पाण्याखालीं गेले आहेत. नदीचें ज्ञान हेंच जुन्या ढीवराचें खरें चिलखत होतें. तें चिलखत नदीनेंच काढून घेतलें. त्यांतच फेकजाळ्याची दोरी मनगटास बांधलेली असते. पाय खड्ड्यांत गेला आणि जाळें खोडास अडकलें, तर तीच दोरी माणसास खालीं धरून ठेवते. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. वेग दुप्पट झाला कीं अंगावरचा रेटा चौपट होतो. तेव्हां गुडघाभर पाण्यास जाकीट कशाला, हा प्रश्न पोहणाऱ्याचा असेल, नदी जाणणाऱ्याचा नव्हे.

१४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांत झुंज येथें वर्धा नदींत नाव उलटून ११ माणसें गेलीं. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या पाण्यांत वादळानें नाव उलटून ६ गेलीं. हे लोक मासे धरण्यास गेलेले नव्हते. म्हणून त्यांची बातमी तरी झाली. एकट्या डोंग्यांत पहांटे जाणारा ढीवर बुडतो, तेव्हां त्याच्या गांवाबाहेर कोणास कळतहि नाहीं.

ढीवरांचे आक्षेप आम्हीं ऐकले आहेत, आणि ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. जाकिटांत उकडतें, जाळें फेकतांना खांदे अडतात, आणि त्याची किंमत कोणी द्यावी? पहिल्या दोहोंस उत्तर आहे. बाह्या मोकळ्या ठेवणारीं आंखूड जाकिटें खास मासे धरणाऱ्यांसाठीं निघालीं आहेत. तिसऱ्या आक्षेपास उत्तर समाजानें द्यावयाचें आहे. आपल्या तलावांवर तासभर विहार करणाऱ्या प्रवाशास नावेवर चढण्यापूर्वीं जाकीट देतात, आणि त्याच पाण्यावर रोज पोट भरणारा मनुष्य रबरी ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तुकड्यावर बसून जातो, हें दृश्य आम्हांस बरें दिसत नाहीं. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा यंत्रानें चालणाऱ्या नौकांचा होता; साध्या डोंग्यांसाठीं स्वतंत्र प्रकरण २०२१ च्या कायद्यांत आलें. कायद्याची नजर वल्ह्यापर्यंत पोंचण्यास शंभर वर्षें लागलीं, जाकीट ढीवराच्या अंगापर्यंत पोंचण्यास आणखी किती लागावीं?

आणि तें पोंचेल तें भाजलेलें असावें. सिंधी वाचकांस आमचें म्हणणें लगेच कळेल. शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यांत अमर झालेली सोहणी रोज रात्रीं मडक्याच्या आधारें नदी ओलांडून प्रियकरास भेटावयास जाई. एके रात्रीं नणंदेनें तें पक्कें मडकें काढून त्याजागीं कच्चें ठेवलें, आणि तें मध्यधारेंत विरघळलें. सोहणी पोहणें विसरली म्हणून बुडाली नाहीं. तिचा विश्वास ज्यावर होता तें साधन खोटें निघालें. पट्टे तुटलेलीं, आंतला फेस चुरलेला, मानकाचा शिक्का नसलेलीं जाकिटें नावेच्या कोपऱ्यांत केवळ दाखविण्यापुरतीं टाकलेलीं असतात, तीं सारीं या कच्च्या मडक्याच्या जातीचीं.

त्या दिवशीं सायंकाळीं जरीपटक्यांतून बहराणा निघाला. दिवे लावलेलें ताट डोक्यावर घेऊन मंडळी गात नाचत पाण्याकडे चाललीं. आजोबा दारांतच खुर्चीवर बसून होते. आम्हीं त्यांस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर दिलें: आमचे ढीवर पोटाशीं कांहीं धरीत नाहींत; पूर्वीं भोपळा धरीत, आतां तोहि नाहीं. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे पोराला मडकें दिल्याशिवाय बाप पाण्यांत पाठवीत नसे." यावर आम्हीं काय बोलावें? बाप म्हणून, शिक्षक म्हणून किंवा सरकार म्हणून, पाण्यांत पाठविणारे आपण सारेच आहोंत.