सहा दिवस नुसतं पडून राहायचे: वरणगावच्या उन्हातून लेहच्या थंडीत

आमच्या वरणगावात सध्या काय चाललंय ते विचारूच नका. सकाळचे अकरा वाजले की रस्ता ओस. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला तरी आता कोणी ती बातमी म्हणून सांगत नाही. रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद ठेवलाय, तेव्हा मधे घोटभर पाणी पिण्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या बहिणीमुळं सुचला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, फौजेत आहे. दोन महिन्यांची सुट्टी काढून आला होता. भर मे महिन्यात आम्ही त्याला भुसावळला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं. पुढं चंदीगडहून विमानानं तासाभरात लेह. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, डोकं जरा जड आहे, बाकी मजेत. सहा दिवस काही काम नाही, नुसता आराम."

हे ऐकून बहीण माझ्यावरच भडकली. "निजवूनच ठेवायचं होतं त्याले, तं इतल्या लवकर बलावलं काब्रं? ते सहा दिवस घरी नसता राहिला?"

आईच्या जागेवरून प्रश्न अगदी बरोबर आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर १९६२ सालात जावं लागतं. आणि गंमत म्हणजे तिथून फिरून परत वरणगावातच यावं लागतं. कसं ते सांगतो.

१९६२ चा सप्टेंबर. ईशान्येकडं, तेव्हाच्या नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलमध्ये, थागला डोंगररांगेखाली चिनी सैन्य उतरलं. त्यांना हटवायचा हुकूम दिल्लीहून सुटला. ही कामगिरी ७ इन्फन्ट्री ब्रिगेडवर आली आणि तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर जॉन दळवी. ब्रिगेडला मदत म्हणून ज्या पलटणी धाडल्या, त्यातल्या २ राजपूत आणि १/९ गुरखा या दोन तर आपली मुदत संपवून खाली शांततेच्या ठाण्यांकडं निघालेल्या होत्या. त्यांना अर्ध्या वाटेतून वळवलं. अंगावर सुती उन्हाळी गणवेश, माणशी एखादी कांबळ, आणि प्रत्येकाजवळ पन्नास काडतुसं. अशा सरंजामानिशी ही माणसं नामका चू नदीकाठी पोचली.

नदीचा काठच दहा हजार फुटांवर. वरची ठाणी चौदा हजारांच्याही वर. ऑक्टोबर लागलेला, रात्री पारा शून्याच्या खाली. गरम कपडे, तंबू, धान्य, दारूगोळा हे सगळं विमानातून त्सांगधर नावाच्या एका चिंचोळ्या जागेवर टाकलं जायचं. त्यातलं बरंचसं घरंगळून दरीत जायचं. खाली माणूस कुडकुडतोय आणि त्याचा कोट दरीत पडलाय! लढाई सुरू व्हायच्या आधीच माणसं थंडीनं आणि छातीच्या आजारानं खचत होती. समोरचं सैन्य मात्र तिबेटच्या पठारावर कित्येक वर्षं मुरलेलं, अंगात जाड कोट घातलेलं.

२० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दोन दिवसांनी दळवी स्वतः कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक लिहिलं. ते १९६९ ला आलं. ते वाचलं की शौर्य कुठं कमी पडलं नव्हतं हे कळतं. बाकी जवळजवळ सगळंच कमी पडलं होतं.

तिकडं लडाखमध्ये काय झालं? १८ नोव्हेंबरला रेझांग ला इथं, सोळा हजार फुटांवर, १३ कुमाऊंची एक कंपनी उभी होती. जवान बहुतेक सगळे आजच्या हरियाणातल्या सपाट, उन्हाळी मुलखातले अहीर. त्यांचे मेजर शैतान सिंग जोधपूरकडचे, म्हणजे थेट वाळवंटातले. आपल्यासारखीच उन्हाची माणसं, मंडळी. गोळ्या संपेपर्यंत लढले. सुमारे १२० पैकी ११० च्या वर तिथंच राहिले. पुढं फेब्रुवारी १९६३ मध्ये शोधपथक वर गेलं तेव्हा बर्फात गोठलेली शरीरं खंदकात होती तशीच सापडली, कित्येकांच्या हातात अजून हत्यार होतं. शैतान सिंगांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आता शरीराचं बघू. आपण म्हणतो, थंडी काय, स्वेटर घातला की झालं. पण लेहसारख्या ठिकाणी प्रश्न नुसत्या थंडीचा नसतो. साडेअकरा हजार फुटांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. त्यामुळं फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यांच्यातला दाब वाढतो. थंडीनं तो आणखी चढतो. अशात माणसानं लगेच ओझं उचलून चढण चढली, तर फुफ्फुसात पाणी झिरपायला लागतं. चांगला धडधाकट गडी एक-दोन रात्रींत जातो. पूर्वी अशा पुष्कळ रोग्यांना न्यूमोनिया झालाय असंच समजलं जायचं.

१९६२ नंतर हिमालयात कायमची मोठी फौज ठेवावी लागली आणि हा आजार डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर रोजचा झाला. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात.

या सगळ्या अनुभवातून जी शिस्त बसली, ती म्हणजे भाच्याचे हे सहा दिवस. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर हळू चालायचं, दीड ते तीन किलोमीटर. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत, आणि थोडी चढण. बारा हजार फुटांच्या वर जायचं असेल तर आणखी चार दिवस, पंधरा हजारांच्या वर आणखी चार. एकूण चौदा. आणि दोन महिने घरी राहून परत गेलं की पुन्हा पहिल्यापासून! शरीर मागचं काही उधार ठेवत नाही. म्हणून हे दिवस वरणगावात घालवून चालत नाही, ते तिथंच घालवावे लागतात.

आता फिरून गावात येतो, म्हटलं होतं ना. त्या पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावलं. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांचा शपथविधी झाला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपल्याकडं तेव्हापासून म्हणतात. पण धावून सह्याद्रीनं केलं काय, हे फारसं कोणी सांगत नाही. डोंगरी लढाईसाठी वेगळ्या डिव्हिजन उभ्या राहिल्या, गरम कपड्यांकडं आणि रस्त्यांकडं लक्ष गेलं, आणि दारूगोळ्याचे नवे कारखाने निघाले. त्यातलाच एक १९६४ सालचा, आपल्या वरणगावचा. बंदुकीची काडतुसं बनवणारा.

माझे वडील त्याच फॅक्टरीतून निवृत्त झाले. लहानपणी मला वाटायचं, फॅक्टरी म्हणजे भोंगा, वडिलांची सायकल आणि पगाराच्या दिवशीचा खाऊ. एवढ्या रखरखीत उन्हात बनलेलं काडतूस कुठल्या बर्फात जाऊन पोचतं, हा विचार कधी शिवला नाही. वडीलही घरी कामाचं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "पेटी बंद करताना मोजून घ्यायची. तिकडं वर कोणाला कमी पडायला नको." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. पन्नास काडतुसांची गोष्ट वाचली तेव्हा कळला.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. निम्मं तिनं ऐकलं, निम्मं ऐकताना ती भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे त्याले निजवते ते त्याच्याच भल्यासाठी?" म्हटलं, हो ताई. त्याच्याआधी जे गेले, त्यांना कोणी निजू दिलं नव्हतं.

सातव्या दिवशी भाच्याचा फोन आला. डोकं उतरलंय, भूक लागतेय, आता वर जायचं. वर पुन्हा चार दिवस आराम आहे म्हणाला. या खेपेला बहीण भडकली नाही. उलट तिनंच त्याला बजावलं, "चार म्हणजे चार. घाई करू नको रे बाप्पा."

तर मंडळी, आज इथंच थांबतो. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी असं उन्हातून बर्फात गेलं असेल तर त्यांचे पहिले दिवस कसे गेले ते जरूर विचारा, आणि मलाही कळवा. पाणी पीत राहा, दुपारचं बाहेर पडू नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!