केशवरावांची एकतीस वर्षे

गाण्यावर पोट भरणे आणि गाऊन मंडळी चालविणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे ज्यांनी जुन्या नाटक कंपन्यांचे बिऱ्हाड पाहिले त्यांना निराळे सांगावे लागत नसे. मराठी संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात सुरेल नट पुष्कळ झाले. परंतु पगारी पोर म्हणून मंडळीत शिरून वयाच्या अठराव्या वर्षात स्वतःच मंडळीचा मालक झालेला, आणि मालक झाल्यावरही गाणे हेच आपले खरे भांडवल आहे हे न विसरलेला असा नट म्हटला, की मला प्रथम केशवराव भोसले आठवतात. बालगंधर्वांच्या कीर्तीच्या प्रकाशात त्यांचे नाव पुढील पिढ्यांना थोडे अंधुक दिसले. त्यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, कारण अल्पायुषी कलावंताच्या वाट्याला बहुधा हेच येते. पण रसिकांच्या स्मरणाचा हिशेब कधी तरी तपासून पाहण्यास हरकत नसावी.

ज्या व्यवसायात केशवराव वाढले तो त्यांच्या जन्माच्या वेळी जेमतेम दहा वर्षांचा होता. महसूल खात्यात कारकुनी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ उभे केले. पुढे बडोद्याहून भाऊराव कोल्हटकरांना मंडळीत आणले, आणि त्यांच्या गळ्याने महाराष्ट्राला असे वेड लावले, की नाटक पाहावयास जाणे आणि गाणे ऐकावयास जाणे यांतील भेद प्रेक्षकांच्या मनातून हळूहळू पुसट होत गेला. रात्री नऊ-दहाला सुरू झालेला खेळ ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांनी लांबत लांबत पहाटेपर्यंत जाई. आज ज्याला लोकप्रिय संगीत म्हणतात ते त्या काळी रंगभूमीवरूनच घरोघर पोहोचे. शागीर्दीच्या कडक शिस्तीत कोंडलेल्या रागदारीतील चीज एखाद्या नाट्यपदाचे रूप घेऊन कचेरीतल्या कारकुनाच्या, दुकानातल्या मुनिमाच्या आणि माजघरातल्या गृहिणीच्या ओठी येई. आणि हे गाणे गाणाऱ्याला मात्र समाजात मान बेताचाच. पदे ज्यांना तोंडपाठ अशा गृहस्थांनाही नाटकवाल्यास बिऱ्हाडासाठी जागा देताना संकोच वाटे.

अशा या व्यवसायात, 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात आला तो हौसेने नव्हे, तर घरच्या दारिद्र्यामुळे. स्वदेशहितचिंतक मंडळीत त्याचे खरे शिक्षण झाले. शाळेचे शिक्षण जवळजवळ झालेच नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेची भूमिका या मुलाने केली आणि तिनेच त्याचे नाव गाजविले. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याला देऊ केलेल्या मुलीचे दुःख, पोटासाठी मंडळीच्या हवाली झालेल्या मुलाने गावे, हा योगायोग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. प्रेक्षक शारदेसाठी डोळे पुसत. ती भूमिका करणाऱ्या पोराची कहाणी त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

त्याचा आवाज उंच, धारदार आणि विलक्षण दमदार होता. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या बाकावरील प्रेक्षकापर्यंत शब्द आणि सूर दोन्ही पोहोचविणे ही गायक नटाची पहिली परीक्षा असे. या परीक्षेत केशवरावांना आयुष्यात कधी अडचण पडली नाही. त्यांची तान तलवारीच्या पात्यासारखी लखलखत येई, तर बालगंधर्वांचा सूर रेशमाच्या लडीसारखा उलगडे, असा भेद जुने रसिक करीत. भेद खरा आहे. मात्र रेशमाचे कौतुक करताना पोलादाला कमी लेखण्याची जी खोड आपल्या संगीतसमीक्षेला पुढे जडली, तिच्याशी माझे जमत नाही.

1 जानेवारी 1908 रोजी हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या मालकास मिसरूड फुटली असेल-नसेल. मराठी नाटक मंडळीचा आरंभ कर्नाटकात व्हावा यात त्या काळी कोणास नवल वाटले नाही. हुबळी, धारवाड, बेळगाव हे सारे मराठी नाटकवाल्यांचे ठरलेले मुक्काम होते आणि तेथील प्रेक्षक गाण्याचे पक्के जाणकार. मंडळी चालविणे म्हणजे मात्र गाणे नव्हे. नट, साथीदार, आचारी, पडदेवाले, सामानसुमान या साऱ्या लवाजम्यासह गावोगाव फिरायचे; नाट्यगृहाच्या मालकाशी भाड्याचा करार करायचा; पेशगी घेऊन गेलेला नट दुसऱ्या मंडळीत पळून गेला तर त्याची समजूत घालायची किंवा दिवाणीत दावा लावायचा; पाऊस लागला, गावात साथ आली, की उत्पन्न थांबले तरी दोन वेळची पंगत थांबवायची नाही. असल्या जमाखर्चात भल्याभल्या गवयांचे गळे सुकून गेलेले आहेत.

केशवरावांनी हा भार नुसता पेलला नाही, तर त्याला एक डौल दिला. मखमली दर्शनी पडद्याचे आणि प्रसंगाला अनुरूप अशा देखाव्यांचे श्रेय त्यांना देण्यात येते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री बंधू, ज्यांतील बाबूराव पुढे ‘पेंटर’ या नावाने मराठी चित्रपटाचे आद्य शिल्पकार ठरले, त्यांच्याकडून त्यांनी पडदे रंगवून घेतले. ग्वाल्हेर परंपरेतील रामकृष्णबुवा वझ्यांसारखा करारी गवई त्यांच्या मंडळीच्या नाटकांना चाली देऊ लागला. आणि ज्या गोष्टीचे मला सर्वांत अधिक मोल वाटते ती ही, की केवळ पौराणिक कथांवर विसंबून न राहता त्यांनी वीर वामनराव जोशी आणि मामा वरेरकर यांच्यासारख्या, वर्तमान काळाशी झगडू पाहणाऱ्या लेखकांची नाटके हाती घेतली. जोश्यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’तील मृणालिनी ही त्यांच्या स्त्रीभूमिकांतील गाजलेली भूमिका. वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकाने हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढले, आणि ‘संन्याशाचा संसार’ने धर्मांतराचा नाजूक विषय रंगभूमीवर आणला. ज्याचा गळाच प्रेक्षकांना खेचण्यास पुरेसा होता, त्याने अशा नाटकांची जोखीम पत्करावी, याला केवळ व्यवहार म्हणता येणार नाही. स्त्रीपार्टी म्हणून नावारूपास आलेला हा नट यथाकाल पुरुषभूमिकांकडे वळला. ज्या नटांना आपल्या साडीचा मोह शेवटपर्यंत सुटला नाही, त्यांच्या तुलनेत हा निर्णयही शहाणपणाचाच होता.

आणि मग 1921 सालचा जुलै महिना उजाडला. आदल्या वर्षीच्या 1 ऑगस्टला लोकमान्य निवर्तले होते. त्यांच्या स्मृतीसाठी एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड उभारण्याचा संकल्प राष्ट्रीय सभेने केला होता. नाटकवाल्यांनी या कार्यात मागे का राहावे? गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून एक खेळ करून त्याचे उत्पन्न फंडास द्यावे असे ठरले. नाटक निवडले ‘मानापमान’. ते ज्यांनी लिहिले ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी, आणि भामिनी करणाऱ्या नारायणराव राजहंसांना ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांच्याच मुखातून मिळालेले. धैर्यधर अर्थात केशवराव.

8 जुलै 1921 च्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा खेळ झाला. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट ठेवूनही थिएटर तुडुंब भरले. त्या रात्रीची कल्पना करताना मला गर्दीपेक्षा नाटकाच्या कथेचाच विचार अधिक करावासा वाटतो. श्रीमंतीच्या तोऱ्यात वाढलेली भामिनी एका गरीब शूराचा अपमान करते, आणि मग वेषांतर करून त्याच्या पराक्रमाला वश होते. दारिद्र्यातून स्वतःच्या पराक्रमाने वर आलेल्या केशवरावांना धैर्यधराच्या कातड्यात शिरण्यासाठी फारशी तयारी करावी लागली नसेल. दोन्ही पक्षांचे चाहते आपापल्या देवाचा जयजयकार करण्याच्या तयारीने आले होते. एकाच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला की दुसऱ्याच्या पदाला तो मिळालाच पाहिजे, अशी ती चढाओढ. कोणाचे गाणे अधिक रंगले याचा वाद त्यानंतर अर्धशतकभर चहाच्या पेल्यांभोवती चालला, आणि वाद घालणाऱ्यांत तो खेळ प्रत्यक्ष पाहिलेले थोडे आणि ऐकीव माहितीवर भांडणारे अधिक, असा माझा तरी अनुभव आहे. माझ्या मते खरी नवलाची गोष्ट वेगळी होती: दोन मालक, म्हणजे एकाच बाजारपेठेतील दोन व्यापारी, आपापला माल एकाच गादीवर मांडून एका रात्रीपुरते भागीदार झाले होते, आणि नफा तिसऱ्याच्याच नावे जमा होणार होता.

त्यानंतर तीन महिनेही पुरते झाले नाहीत. तापाच्या दुखण्याने 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव गेले. वय एकतीस. त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी वडील असलेले बालगंधर्व आणखी पंचेचाळीस वर्षे जगले. वैभव, कर्ज, वार्धक्य, सन्मान असे सारे अंक त्यांनी पाहिले, आणि त्यांचे गाणे ऐकलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याविषयी बोलत राहिली. केशवरावांच्या वाट्याला असा प्रदीर्घ साक्षीदारवर्ग आला नाही. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत अशा नटाचे गाणे कितीसे उरणार? जे पद रंगभूमीवर प्रेक्षकांच्या आग्रहाने पुन्हा पुन्हा नवे होऊन येत असे, त्याचा तेथे फार तर सांगाडा सापडतो.

मंडळी मात्र टिकली. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा उचलली आणि लगेच 1922 साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणून मालकाचीच वाट पुढे चालविली. 1937 साली बापूराव निवर्तल्यावर खंड पडला, पण त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी 1942 साली तिला पुन्हा उभे केले. अठराव्या वर्षातल्या मुलाने हुबळीस काढलेले दुकान इतकी वर्षे चालावे, हे त्याच्या गळ्यापेक्षा त्याच्या मालकीचे यश मानावे लागेल.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेच्या कुस्ती-मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधले होते. 1915 साली ते खुले झाले. पहिलवान आणि गवई यांना शेजारी वसविणाऱ्या या राजाला माणसाच्या दमाची किंमत चांगली कळत असावी. 1957 साली त्या नाट्यगृहास केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती.