कोड खुला, वाट बंद

'डायस्पोरा' हा शब्द आपण आपल्यासारख्या, देश सोडून विखुरलेल्या माणसांसाठी वापरतो. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी तोच शब्द एका सॉफ्टवेअरला दिला. त्या वर्षी फेब्रुवारीत कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी न्यूयॉर्कमध्ये व्याख्यान दिले होते. सगळ्या गप्पा, सगळे फोटो एका कंपनीच्या हवाली करण्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःचा छोटा सर्व्हर चालवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मनावर घेऊन या मुलांनी लोकांकडे १०,००० डॉलर मागितले. मिळाले दोन लाखांहून अधिक.

सप्टेंबर २०१० मध्ये डायस्पोराचा कोड सर्वांसाठी खुला झाला. पण खुला कोड म्हणजे परवानगी. तो चालवणे निराळे. त्यासाठी रुबी, डेटाबेस, वेब सर्व्हर, डोमेन आणि सुरक्षा-प्रमाणपत्र यांची मोट बांधावी लागे. ज्याला हे आधीच येत होते, त्याला लिहिलेल्या सूचना पुरल्या. बाकीच्या बहुतेकांनी दुसऱ्याच्या सर्व्हरवर खाते उघडले. मालक बदलला, भाडेकरू भाडेकरूच राहिला.

खरे तर संगणकाच्या जगात यापेक्षा चांगली परंपरा जुनीच होती. १९७१ च्या नोव्हेंबरात केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका काढली. तिच्यात आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज' असा मथळा असे. हे कुठे अडते, काय चुकते, ते लिहिणाऱ्यानेच सांगून टाकायचे. घरच्या सर्व्हरवाल्याला नेमके हेच हवे असते. बसवण्याच्या पायऱ्या पहिल्या दिवशी लागतात. पुढची सगळी वर्षे प्रश्न एकच असतो: बिघडले तर काय?

२०१६ मध्ये जर्मनीत ऑयगन रोख्को यांनी सुरू केलेल्या मॅस्टोडॉनच्या माहितीपानांत या प्रश्नाला उत्तर आहे. बॅकअपच्या पानावर कशाकशाची प्रत ठेवायची हे महत्त्वाच्या क्रमाने दिले आहे. डेटाबेस गेला तर सगळे गेले. गुप्त किल्ल्यांची फाइल हरवली तर दुहेरी पडताळणीसारख्या सोयी बंद पडतात. रेडिस हरवले तर फारसे बिघडत नाही. नव्या यंत्रावर घर हलवायचे कसे, यालाही वेगळे पान आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर विकले गेले आणि माणसांचा लोंढा इकडे आला, तेव्हा नव्या सर्व्हरवाल्यांना आणखी एक गोष्ट कळली: इतर सर्व्हरवरून आलेली चित्रेही आपल्या डिस्कवर साठत जातात. ती काढणारी आज्ञा होती. पण डिस्क भरण्याआधी ती वाचायला हवी होती.

हे आपल्याही कामाचे आहे. ऑर्कुटवर मराठी समुदायांच्या चर्चा रंगत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केले. त्या चर्चा तिथे चालू ठेवणे कुणाही सदस्याच्या हातात नव्हते. म्हणून एखादे मंडळ स्वतःचा सर्व्हर घेते, तेव्हा ते शहाणपणच असते. मात्र ती सगळी माहिती एकाच उत्साही स्वयंसेवकाच्या डोक्यात राहिली आणि तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, की ऑर्कुटचीच गत होते.

तेव्हा लिहायचे ते कार्यकारिणीतल्या पुढच्या, तंत्रज्ञ नसलेल्या माणसासाठी. डोमेनचे पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, नूतनीकरण कधी, बॅकअप कुठे आहे, आणि तो पुन्हा चढवून कधी पाहिला. मग ते पान त्याच्या हाती देऊन आपण गप्प बसायचे. तो जिथे थांबून विचारील, तिथे एक ओळ कमी आहे. ती त्याच दिवशी लिहावी.