पुण्यातील प्लेग आणि लशीची सक्ती : एका समजुतीची छाननी

१. पुण्यातील १८९७ सालच्या प्लेगाविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात एक विधान वारंवार आढळते. ते असे की, रँडसाहेबाने पुणेकरांस प्लेगची लस सक्तीने टोचविली, त्यामुळे लोक प्रक्षुब्ध झाले, आणि त्याचे पर्यवसान गणेशखिंडीच्या रस्त्यावरील खुनांत झाले. करोनाच्या साथीत लशीचा वाद पेटला तेव्हा हे विधान पुन्हा कानी पडू लागले. लशीच्या विरोधकांस त्यात सक्तीविरुद्धचा दाखला दिसतो, तर लशीच्या कैवाऱ्यांस लोकांच्या अज्ञानाचा. विधान मुळात खरे आहे की नाही, हे पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. ती घेणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतु होय. दुसरा हेतु असा की, लशीचे हिताहित त्या काळी कोणत्या पुराव्यावर तोलले गेले, व तो ताजवा कोठे सरळ राहिला आणि कोठे झुकला, हेही वाचकांपुढे मांडावे.

२. प्रथम कालानुक्रम पाहू. मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला गेला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. डॉ. हाफकिन ह्यांस त्याच शरदात सरकारने मुंबईस धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका अपुऱ्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस लस देण्यात आली. साथींच्या रोगांचा कायदा, म्हणजे १८९७ चा तिसरा कायदा, ४ फेब्रुवारी रोजी अमलात आला. ह्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड हे पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष झाले. सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असता १० मार्च रोजी प्लेगनेच वारल्या. गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या सुरू झाल्या त्या १३ मार्चला, आणि त्या मेच्या उत्तरार्धापर्यंत चालल्या.

आता ह्या झडत्यांचे स्वरूप काय होते? रोगी हुडकून इस्पितळात नेणे, त्याच्या सोबत्यांस सेग्रिगेशन कँपात ठेवणे, घर धुऊन काढणे, रोगट समजलेल्या चीजवस्तु जाळणे, ही कमिटीची कामे. लोकांची तक्रारही ह्याच कामांविषयी होती. देवघरात बुटांसह शिरणे, बायकांची भर रस्त्यात तपासणी, वस्तूंची नासधूस, हे तिचे विषय होत. गोपाळराव गोखले ह्यांनी विलायतेत केलेला व पुराव्याअभावी मागाहून मागे घेतलेला आरोप शिपायांच्या वर्तनाचा होता. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट ह्यांजवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. ह्या सर्व प्रकरणात लस टोचण्याच्या सक्तीस स्थान नाही, व ते असणेही शक्य नव्हते. मार्चमध्ये झडत्या सुरू झाल्या तेव्हा ही लस जेमतेम दोन महिन्यांची होती. एका लहानशा प्रयोगशाळेत ती तयार होत असे. एक अख्खे शहर टोचण्याइतकी ती नव्हतीच.

पुढे ती मुबलक झाल्यावरही सरकारने मुंबई इलाख्यात प्लेगची लस सर्वांस सक्तीची केली नाही. किंबहुना पुण्याच्या झडत्यांनी जो धडा मिळाला तोच ह्या संयमाचे एक कारण असावे, असे आमचे मत आहे. सबब, वर दिलेले विधान काळाच्या कसोटीस उतरत नाही. सक्ती होती, परंतु ती घराची, देहाच्या तपासणीची व विलगीकरणाची होती, सुईची नव्हती.

३. आता लशीच्या बाजूच्या पुराव्याकडे वळू. भायखळ्याच्या तुरुंगात न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला व कोणी दगावले नाही. आकडे लहान आहेत, म्हणून एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. पुण्याच्या अगदी शेजारचा दाखला खडकीचा. तेथे तोफखान्याबरोबरच्या एतद्देशीय लोकांची वस्ती १५३० ची होती. पैकी ६७१ जणांनी टोचून घेतले. त्यांत ३२ जणांस लागण होऊन १७ मेले. ज्या ८५९ जणांनी टोचून घेतले नाही त्यांत १४३ जणांस लागण होऊन ९८ मेले. म्हणजे मृत्यूचे प्रमाण एकीकडे शेकडा अडीच, दुसरीकडे शेकडा साडेअकराच्या सुमारास. टोचलेल्यांच्याच प्रमाणाने दुसरी बाजू मरती, तर ९८ च्या जागी २२ प्रेते निघाली असती.

तथापि, येथे एक शंका घेतली पाहिजे. जो मनुष्य आपण होऊन टोचून घेतो तो इतर बाबतींतही अधिक सावध असण्याचा संभव असतो. मग त्याचे वाचणे लशीमुळे की सावधपणामुळे? ह्या शंकेचे निरसन करणारा दाखला बडोदे संस्थानातील उंधेरे गावाचा, १८९८ सालचा. तेथे घरोघर जाऊन कुटुंबातील काहींस टोचले व काहींस तसेच ठेवले. घर, अन्न, पाणी, सवयी सर्व एकच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील ७१ टोचलेल्यांपैकी ८ जणांस रोग झाला व ३ मेले. ६४ न टोचलेल्यांपैकी २७ जणांस झाला व २६ मेले. एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती ताडून पाहाव्या तसा हा पुरावा आहे, आणि आमच्या मते त्या काळच्या सर्व आकड्यांत तोच बळकट होय.

हिंदुस्थानच्या प्लेग कमिशनने १८९८-९९ साली साक्षीपुरावा घेऊन निर्णय दिला तो ह्याच धोरणाचा : लशीने रोगाचे व मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटते, पण संपूर्ण अभय मिळत नाही. लशीच्या मात्रा एकसारख्या शक्तीच्या नसतात, हा दोषही कमिशनने नमूद करून ठेविला. गुणाबरोबर दोष लिहिला म्हणूनच ह्या निर्णयास आज किंमत आहे.

४. आता नावेची बाजू. ह्या लशीने ज्वर येई, दंड सुजे व ठणके, आणि एक दोन दिवस कामास खाडा पडे. सुखवस्तु मनुष्यास हे क्षुल्लक वाटेल. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्यास दोन दिवसांची मजुरी बुडणे क्षुल्लक नव्हते. लोक टोचून घेण्यास कचरत ते केवळ भ्रमामुळे, असे म्हणणारांनी हा हिशेब डोळ्याआड केला आहे. भ्रमही होतेच, इस्पितळात माणसाची मोमियाई काढतात, सुईने पुरुषत्व जाते, अशा कंड्या त्या काळी उठल्या होत्या. परंतु खऱ्या त्रासाची दखल सरकारदरबारी घेतली जात नसली म्हणजे खोट्या त्रासाच्या वार्तेस पाय फुटतात, हे आम्ही येथे सुचवून ठेवितो.

ह्याहून गंभीर प्रकार पंजाबात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. पैकी ५३-न ह्या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांस टोचले, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांस तो रोग झाला नाही. बाटली परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली. शिवाय मोठ्या मागणीस पुरे पडावे म्हणून हाफकिन ह्यांनी लस करण्याच्या रीतीत फरक करून कार्बोलिक आम्ल वगळले होते. सबब दोष प्रयोगशाळेचा, म्हणजे बाटली उघडण्यापूर्वीचा, असा चौकशी कमिशनचा कल पडला, आणि हाफकिन ह्यांस अधिकारावरून दूर व्हावे लागले.

आता ह्या निर्णयाची छाननी पाहा. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, अशी साक्ष चौकशीत झालीच होती. धनुर्वाताचे जंतु त्या बाटलीत कित्येक आठवडे वाढत राहिले असते तर लशीस दुर्गंधि सुटती, व विष इतके साचते की रोगास आठवडा लागता ना. चौकशीचे कागद १९०६ साली बाहेर आले तेव्हा ह्या गोष्टी जाणत्यांस दिसल्या. २९ जुलै १९०७ च्या लंडन ‘टाइम्स’ पत्रात सर रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनी सह्यांनिशी पत्र प्रसिद्ध करून हाफकिन ह्यांजवरील आरोप सिद्ध होत नाही असे दाखविले, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. परळच्या संस्थेस १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

ह्यातून निघणारा बोध दुहेरी आहे. मूळ कागद चार वर्षे झाकून राहिले, त्यामुळे निरपराध मनुष्यास कलंक लागला, हे एक. दुसरे असे की, हाफकिन निर्दोष ठरले म्हणून ते १९ मृत्यु नाहीसे झाले नाहीत. ते लशीने नव्हे तर टोचण्यातील हयगयीने झाले असतील. पण टोचून घेणाराच्या दृष्टीने लस, बाटली, चिमटा व टोचणारा हे सर्व एकच होते. खडकीत लशीमुळे वाचलेल्यांची संख्या मलकवालच्या मृतांहून अधिक भरते हे खरे, आणि लशीच्या बाजूने कौल देण्यास ते पुरेसेही आहे. परंतु वाचलेला मनुष्य आपण वाचलो हे जाणत नाही, व त्याचे नाव कोणत्याही यादीत येत नाही. मेलेल्याचे नाव घरात पिढ्यानुपिढ्या राहते. ताजव्याची दोन पारडी अशी विषम दिसतात. म्हणून ज्याच्या हाती ताजवा आहे त्याने आपल्या वह्या उघड्या ठेविल्या पाहिजेत.

५. सक्तीचा प्रश्न पुणेकरांस अगदीच नवा नव्हता. देवी काढण्याविषयीचा १८८० चा तेरावा कायदा ज्या म्युनिसिपालिट्यांस व छावण्यांस लागू करण्यात येई, तेथे मुलांस देवी काढविणे आईबापांवर बंधनकारक होते. त्या काळी पुष्कळ ठिकाणी एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याच्या दंडास लावीत, आणि तिजबरोबर एकाचा रोग दुसऱ्यास जाण्याचे भय काल्पनिक नव्हते. वासराच्या लशीचा प्रसार झाला तेव्हा ते टळले. म्हणजे येथे सक्ती आधी आली व साधनाची सुधारणा मागून.

प्लेगच्या लशीत सक्ती उघड आली नाही; ती आडवाटेने आली. टोचून घेणारास दाखला मिळे, व तो जवळ असल्यास विलगीकरणाच्या नियमांतून सवलत मिळे. कँपाचे भय एका बाजूस व सुईचे दुसऱ्या बाजूस. मग सुई पत्करणाऱ्याची संमति कितपत स्वेच्छेची म्हणावी? ह्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. पण अशा दाखल्याच्या कागदाकडे पाहताना संशोधकाने तो संमतीचा पुरावा म्हणून सरसकट धरू नये, एवढे निश्चित.

६. ह्या जुन्या प्रकरणाची सव्वाशे वर्षांनी पुनरावृत्ति झाली, आणि तीही पुण्यासच. महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, व त्याच आठवड्यात राज्य सरकारने तोच १८९७ चा कायदा हाती घेतला. १२ जानेवारी २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘कोविशील्ड’ लशीच्या पेट्या पुण्याहून देशभर रवाना झाल्या. केंद्र सरकारने लस ऐच्छिक म्हटली; मुंबईच्या लोकलगाडीत बसण्यास मात्र दोन मात्रांचा दाखला लागू लागला. दाखल्याची आडवाट ती हीच. रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मिळ दुष्परिणाम पुढे आला, तेव्हा मे २०२१ मध्ये सरकारी समितीने संशयित २६ रोगी, म्हणजे कोविशील्डच्या दर १० लक्ष मात्रांमागे ०.६१, असा आकडा जाहीर केला. अखेर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणावरही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील. आणि दुष्परिणामांची माहिती लोकांस खुली असली पाहिजे. न्यायालयाने लशीचे धोरण अयोग्य ठरविले नाही, हेही लक्षात ठेविले पाहिजे. लशीचा गुण, सक्तीची मर्यादा व हिशेबाचा खुलेपणा ह्या तीन गोष्टी त्या निर्णयात निरनिराळ्या ठेविल्या आहेत. रँडशाहीच्या कथेत त्या एकत्र कालवल्या गेल्या, म्हणूनच आरंभी दिलेली समजूत रूढ झाली.

७. आता संग्राहक बंधूंस विनंति. पेशवाईतील अर्ध्या फाटक्या चिठीसाठीही आपण कोसच्या कोस जातो; परंतु १८९६ ते १९२० ह्या काळातील घरगुती कागद जुन्या बाजारात रद्दीच्या भावाने जातात. टोचल्याचे दाखले, देवी काढल्याच्या नोंदी, कँपातून लिहिलेली पत्रे, प्लेगच्या दिवसांतील जमाखर्चाच्या वह्या, म्युनिसिपालिटीच्या नोटिसा, हे सर्व आजही जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर सापडण्यासारखे आहे. सरकारी अहवालांनी आम्हांस किती टोचले व किती मेले हे सांगितले. कोणी का टोचून घेतले, कोणी का नाकारले, ज्वरात किती दिवसांचा रोज बुडाला, दाखला दाखवून कोण कँपातून सुटला, हे सांगण्याचे सामर्थ्य ह्याच कागदांत आहे. ज्यांच्या संग्रही असे कागद असतील त्यांनी ते, मग ते लशीस अनुकूल असोत वा प्रतिकूल, निवड न करता, तारीखवार नकलून प्रकाशात आणावे. करोनाच्या वर्षांतील दाखलेही आतापासूनच जपून ठेवावे. आणखी शंभर वर्षांनी कोणी हा ताजवा पुन्हा हाती धरील, तेव्हा त्याच्या दोन्ही पारड्यांत घालण्यास कागद असले पाहिजेत.