गढूळ बाटलीतले घराणे

डिसेंबर १९६३. युगांडातल्या कंपालाहून लंडनला निघालेले विमान धुक्यामुळे मँचेस्टरला उतरवावे लागले. त्यात संशोधक अँथनी एपस्टाइन यांच्यासाठी बर्किट लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा होता. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात तो पोचला तेव्हा बाटलीतले पाणी गढूळ झाले होते. जंतू झाले असणार, फेकून द्या, असेच कुणीही म्हणाले असते. एपस्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हतेच. प्रवासभर हिंदकळून तुकड्याच्या कडांवरून सुटलेल्या जिवंत, टपटपीत पेशी पाण्यात तरंगत होत्या.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या लिम्फोमा पेशींच्या कुळकथेतला खरा क्षण मला तो थेंबच वाटतो. तोवर गाठीचे तुकडे काचेला चिकटवून वाढवण्याची खटपट चालली होती आणि ती वाया जात होती. पण लिम्फोमाच्या पेशी मुळात रक्तातल्या, त्यांना सुटे राहायचे असते. इव्हॉन बार यांच्या साथीने एपस्टाइन यांनी त्या तशाच तरंगत्या ठेवल्या, आणि त्या वाढू लागल्या. १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातच एक विषाणू दिसला. आज तो एपस्टाइन-बार विषाणू म्हणून ओळखला जातो.

त्याच १९६३ साली नायजेरियात पुल्व्हरटाफ्ट या संशोधकांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातल्या गाठीपासून 'राजी' ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा वंश, वाढवली. त्या मुलाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून दुभंगत आहेत. फ्लास्क उचलला की तळाशी बारीक कण्यांसारखे पुंजके हलतात. लालसर द्रव पिवळा पडू लागला की समजायचे, पेशींना नवे अन्न हवे.

त्वचेच्या लिम्फोमाच्या पेशी अशा वाढवण्यासाठी मात्र फार वाट पाहावी लागली. मायकोसिस फंगॉइड्स आणि सेझारी सिंड्रोम हे टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचे आजार, आणि टी-पेशी नुसत्या अन्नावर जगत नाहीत. १९७६ मध्ये अमेरिकी संशोधक गॅलो यांच्या प्रयोगशाळेत टी-पेशींना वाढवणारा घटक सापडला, तोच पुढे इंटरल्युकिन-२ झाला. मग १९८० मध्ये आदि गझदर आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या लिम्फोमापासून वाढवलेल्या 'हट ७८' आणि 'हट १०२' या सेल लाइन जाहीर केल्या. 'हट १०२' मध्ये माणसातला पहिला रेट्रोव्हायरस, एचटीएलव्ही-१, सापडला. 'हट ७८' पासून निघालेल्या 'एच ९' या शाखेत १९८४ मध्ये एचआयव्ही भरपूर वाढवता आला, आणि त्यातून रक्तदात्यांचे रक्त तपासण्याची चाचणी उभी राहिली.